द्वंद्वखेळांची घराणी

चतुर्थीच्या दिवसांत एका स्नेह्यांच्या घरी आरती आटोपून मंडळी प्रसादाला बसली होती. पंगतीच्या टोकाला तीन तरुणांचा वाद रंगला होता. व्हिडिओ गेममधील द्वंद्वाचा सारा इतिहास ‘स्ट्रीट फायटर’ने घडविला, असे एकाचे म्हणणे. ‘टेकन’पुढे इतरांचे नाव काढू नये, असे दुसऱ्याचे. तिसऱ्याने ‘मॉर्टल कॉम्बॅट’च्या खपाचे आकडे पुढे केले. अखेर घरातील एका वडीलधाऱ्यांनी “मारामारीचेच खेळ सगळे, त्यांत थोर कोण नि धाकटे कोण?” असे म्हणून त्यांना गप्प केले. बोलणे थांबले, वाद मात्र मिटला नाही. आम्हांस तर दोन्ही पक्ष अपुरे वाटले. तरुणांस आवड होती, पण मोजमाप नव्हते; वडीलधाऱ्यांस मोजमापाचीच गरज वाटत नव्हती.

या पानांवर नाटक, गायन, कीर्तन यांची चर्चा व्हावयाची; तेथे हा विषय कशाला, असे काही वाचक म्हणतील. आमचे उत्तर सरळ आहे. जी क्रीडा तीस-चाळीस वर्षे अनेक देशांतील मुलांचे व प्रौढांचे हात आणि मन गुंतवून ठेवते, तिला इतिहास असतो. आणि इतिहास आला की तारतम्यही आले. शिवाय या खेळांपैकी सर्वांत गाजलेल्या खेळात आपल्या देशाचा एक योगी आणि आपल्या गणपतीचे एक चित्र आहे. तेव्हा हा विषय वाटतो तितका परका नाही.

ज्यांनी हे खेळ पाहिले नसतील त्यांच्यासाठी दोन शब्द. पडद्यावर दोन योद्धे समोरासमोर उभे असतात. प्रत्येकाच्या माथ्यावर त्याच्या शक्तीची एक पट्टी असते. आघात बसेल तशी ती ओसरते. घड्याळ चालू असते. बहुधा तीनांपैकी दोन फेऱ्या जिंकणारा विजयी. खेळणाऱ्याच्या हाती एक दांडा व काही बटणे, एवढेच साहित्य. कुस्तीच्या आखाड्यात जशी माती, लंगोट आणि दोन माणसे पुरतात, तसेच हे.

अशा खेळाचे एक नाव चालले की त्याच नावाने पुढचे भाग निघत राहतात. या परंपरेस आम्ही घराणे म्हणतो. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील आमच्या वाचकांस हा शब्द समजावून सांगावयास नको. ख्यालगायकीत ग्वाल्हेर घराण्यास आद्य मानतात, ते त्याच्या मैफलींना गर्दी अधिक जमली म्हणून नव्हे. इतरांनी आपली गायकी उभारताना पाया तेथून घेतला म्हणून. जयपूर घराण्याचे नाव जयपूरचे, परंतु अल्लादिया खाँसाहेब कोल्हापूरच्या दरबारी राहिले आणि ती विद्या पुढे नेली ती गोमंतकाच्या केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर यांनी. म्हणजे घराण्याचे नाव एका गावाचे असते आणि विद्या माणसांबरोबर चालते. हीच दृष्टी आम्ही येथे ठेवणार आहोत. कोणत्या घराण्याने नवे काय दिले, ते इतरांनी नाव न घेता किती उचलले, आणि त्याच्याभोवती खेळणाऱ्यांचा समाज कसा जमला, या तीन गोष्टी आम्ही पाहू. खपाचे आकडे त्यानंतर.

आरंभ ‘स्ट्रीट फायटर’पासून करावा लागतो, पण तो आरंभ नव्हे, हेही सांगितले पाहिजे. सेगा कंपनीचा मुष्टियुद्धाचा खेळ १९७६ चा. ‘कराटे चॅम्प’ १९८४ चा. त्यात प्रत्येक खेळाडूच्या हाती दोन दांडे असत, बटण एकही नसे. कोनामीचा ‘यी आर कुंग-फू’ही ‘स्ट्रीट फायटर’च्या आधीचा. पाणिनीपूर्वीही वैयाकरण होऊन गेले आणि त्यांतील काहींची नावे आपणांस ठाऊक आहेत ती पाणिनीने घेतली म्हणून. या आद्य खेळांचे तसेच झाले. ते आधी होते, हे खरे. परंतु आज त्यांचे स्मरण होते ते नंतर जे घडले त्याच्या प्रकाशात.

जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९८७ साली पहिला ‘स्ट्रीट फायटर’ काढला. ताकाशी निशियामा व हिरोशी मात्सुमोतो हे त्याचे कर्ते. त्यांची एक कल्पना मोठी गमतीची होती. यंत्रावर रबराच्या दोन गाद्या बसविलेल्या; जितक्या जोराने त्यांवर हात मारावा तितका पडद्यावरचा ठोसा जबर. ही कल्पना टिकली नाही. तिच्या जागी सहा बटणे आली: हलका, मध्यम, जबर असे तीन ठोसे आणि तशाच तीन लाथा. खेळाडूस पात्र मात्र एकच मिळे, रियू. दुसरा खेळाडू आलाच तर त्यास केन. दांडा विशिष्ट रीतीने फिरवून गुप्त डाव टाकण्याची युक्तीही याच खेळात होती. पण ते डाव इतके दुःसाध्य की दहांत एखाद-दुसराच लागावा. या पहिल्या खेळात बीज सारे होते, पीक आले नव्हते.

ते आले १९९१ साली, ‘स्ट्रीट फायटर दोन’मध्ये. अकिरा निशितानी आणि अकिरा यासुदा या दोघांचे नाव त्याच्या घडणीत मुख्यत्वे घेतात. येथे एकाऐवजी आठ योद्धे निवडावयास मिळाले आणि आठांची प्रकृती आठ प्रकारची. कोणी दुरून अग्निगोल फेकणारा, कोणी जवळ येऊन उचलून आपटणारा, कोणी चपळ, कोणी जड. त्यापूर्वी खेळाडू यंत्राशी झुंजत असे. आता तो शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी झुंजू लागला, आणि प्रश्न ‘मला डाव येतो का’ एवढाच न राहता ‘माझा डाव तुझ्या डावास कसा पुरेल’ असा झाला. दांडा खाली, मग तिरपा पुढे, मग सरळ पुढे, आणि त्याच क्षणी ठोशाचे बटण: हा अग्निगोलाचा मंत्र नंतरच्या बहुतेक द्वंद्वखेळांनी जसाच्या तसा घेतला.

याच खेळातील एका गोष्टीची हकीकत सांगण्यासारखी आहे. एक आघात लागला असता तो पुरा होण्याआधीच दुसरा जोडता येतो आणि प्रतिपक्षास सावरण्यास अवकाश राहत नाही. यास ‘कॉम्बो’ म्हणतात. आज यावाचून द्वंद्वखेळाची कल्पनाच करवत नाही. परंतु हे योजून केलेले नव्हते. मोटारगाडी फोडण्याची एक उपफेरी खेळात होती. ती तपासताना निर्माते नोरिताका फुनामिझू यांच्या ध्यानात आले की एका ठोशात दुसरा बसविता येतो. वेळ साधणे इतके कठीण होते की कोणास जमणार नाही, असे समजून त्यांनी ते तसेच राहू दिले. लोकांस ते जमले. एका चुकीतून शास्त्र निघाले, आणि ते निघाले खेळणाऱ्यांच्या हातून. पुढे अनेक वेळा असेच घडले. म्हणून वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आता त्या योग्याविषयी. आठ योद्ध्यांत भारताचा म्हणून जो आहे त्याचे नाव धालसिम. हातपाय लांबवर ताणतो, तोंडातून ज्वाळा सोडतो आणि सोडताना योगाचे नाव घेतो. गळ्यात कवट्यांची माळ; ती साथीत दगावलेल्या गावच्या मुलांची, असा खुलासा कथेत केला आहे. त्याच्या रंगस्थळी दोहों बाजूंस हत्ती उभे आणि मागे भिंतीवर श्रीगणेशाचे चित्र. लांबणाऱ्या हातांची कल्पना कोणत्या योगग्रंथातून आलेली नाही. १९७६ च्या एका चिनी मारधाडीच्या चित्रपटातील भारतीय मल्लावरून ती घेतली, असे सांगतात. म्हणजे आपल्या योग्याचे हे चित्र भारतात येऊन कोणी काढलेले नाही. दुसऱ्याच्या व्यंगचित्रावरून काढलेले ते व्यंगचित्र आहे.

श्रद्धावान वाचकास हे पाहून विषाद वाटला तर तो अनाठायी नव्हे. जेथे मारामारी चालली आहे तेथे मागे गजाननाचे चित्र शोभेचे म्हणून टांगावे, यात दुष्ट हेतू नसेलही. पण जाण नाही, हे निश्चित. कोणी म्हणेल की खेळात सर्वच देशांची टिंगल आहे: जपानचा सुमो मल्ल स्नानगृहात लढतो, रशियाचा पैलवान अस्वलासारखा दांडगा आहे. हे खरे, परंतु टिंगलीतही प्रतवारी आहे. अमेरिकेच्या वाट्यास रुबाबदार सैनिक व श्रीमंताचा मुलगा आले, चीनच्या वाट्यास पोलीस खात्यातील तडफदार तरुणी आली. ब्राझीलच्या वाट्यास हिरवे रानटी जनावर आणि आपल्या वाट्यास कवट्यांचा बैरागी. कोणास माणूस म्हणून पाहिले आणि कोणास कौतुकाची वस्तू म्हणून, हे यावरून कळते.

तथापि समीक्षकाने एवढ्यावर थांबू नये. रूप बाजूस ठेवून धालसिमला खेळात कसे वापरावे लागते ते पाहिले तर निराळीच गोष्ट दिसते. तो सर्वांत मंद आहे. धावून जाणे त्याच्या स्वभावात नाही. अंतर राखावे, समोरच्याची चाल ओळखावी, योग्य क्षणी हात पुढे करावा, आणि तो जवळ आलाच तर चित्त ढळू न देता पुन्हा अंतर मिळवावे, हीच त्याची विद्या. आततायी खेळाडूच्या हाती धालसिम हरतो. धीर धरणाऱ्याच्या हाती तो भल्याभल्यांस जेरीस आणतो. दुरून खेळ आवरणाऱ्या योद्ध्याचा जो प्रकार नंतर जवळजवळ प्रत्येक घराण्यात रूढ झाला, त्याचा मूळपुरुष म्हणून याच्याकडे बोट दाखविता येते. चित्रकाराने योगी चुकीचा काढला आणि खेळाच्या रचनाकाराने, कदाचित नकळत, संयम बरोबर दाखविला. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. पहिल्याबद्दल राग धरावा, दुसऱ्याची नोंद घ्यावी; एकीसाठी दुसरी लपवू नये.

‘स्ट्रीट फायटर’ची विद्या बाहेर कशी गेली? माणसांबरोबर. पहिल्या खेळाचे कर्ते निशियामा कॅपकॉम सोडून एस-एन-के कंपनीत गेले. तेथे १९९१ साली ‘फेटल फ्युरी’ निघाला, १९९२ साली ‘आर्ट ऑफ फायटिंग’, आणि १९९४ साली तिघातिघांच्या चमूंचा ‘किंग ऑफ फायटर्स’. ज्यास आपण प्रतिस्पर्धी घराणे म्हणतो ते एका अर्थाने त्याच गुरूची दुसरी शाखा होते. पुढे निशियामा यांनी २००० साली डिम्प्स नावाची आपली संस्था काढली. आणि २००८ साली ‘स्ट्रीट फायटर चार’ आला तेव्हा तो घडविण्यात कॅपकॉमबरोबर याच डिम्प्सचा हात होता. घर सोडून गेलेला माणूस वीस वर्षांनी त्याच घराची भिंत उभारण्यास परत आला. कोणते घराणे कोणाचे, या वादात तरुणांनी हा प्रसंग आठवावा.

‘मॉर्टल कॉम्बॅट’ची गोष्ट निराळी. हा खेळ अमेरिकेचा. मिडवे कंपनीचा, १९९२ चा. एड बून आणि जॉन टोबायस हे त्याचे जनक, आणि सुरुवातीस सारे काम चारच माणसांचे. हाताने काढलेल्या चित्रांऐवजी त्यांनी खऱ्या नटांचे चित्रण करून तेच पडद्यावर नाचविले. त्यामुळे आघात खरा वाटू लागला, आणि रक्तही. हरलेल्या योद्ध्यास शेवटी क्रूरपणे ठार करण्याची सोय ठेवली; तिला ‘फेटॅलिटी’ म्हणतात. पराभूतास मारणे हे आपल्या युद्धनीतीत निंद्य. सौप्तिकपर्वातील अश्वत्थाम्याचे कृत्य ऐकताना अजूनही श्रोत्यांच्या अंगावर शहारे येतात. या खेळाने त्याच कृत्यास बक्षीस केले.

१९९३ च्या सप्टेंबरात तो घरगुती यंत्रांवर आला. निन्टेन्डोच्या यंत्रावर रक्ताच्या जागी घाम दाखविला. सेगाच्या यंत्रावर गुप्त कळ दाबली की रक्त परत येई. खप सेगाकडे अधिक झाला. त्याच वर्षी ९ डिसेंबरला अमेरिकेच्या सिनेटमध्ये जोसेफ लिबरमन व हर्ब कोल यांच्या पुढाकाराने सुनावणी झाली. सरकारने कायदा करण्यापूर्वीच उद्योगाने १९९४ साली आपली स्वतःची मंडळी नेमून प्रत्येक खेळावर वयोमानाचा शिक्का मारण्याची पद्धत सुरू केली. आज आईबाप खेळाच्या वेष्टनावर वयाची खूण पाहून मुलास तो द्यावा की नाही ते ठरवितात, त्या अमेरिकन खुणेच्या जन्मकथेत ‘मॉर्टल कॉम्बॅट’चे नाव अग्रभागी आहे.

मग हे महत्त्व नव्हे काय? आहे, आणि मोठे आहे. परंतु ते कशाचे, ते ओळखावे. द्वंद्वाच्या विद्येत या घराण्याने दिले ते थोडे. नटांच्या चित्रणाची नक्कल अनेकांनी केली आणि काही वर्षांत ती रीत मागे पडली. त्याचे मोल खेळाबाहेर आहे: समाजास एका नव्या वस्तूविषयी नियम करावयास त्याने भाग पाडले. खपात तर ते पुढेच आहे. आठ कोटींहून अधिक प्रती गेल्याचे त्याच्या मालकांनीच सांगितले आहे. पण इतिहासात महत्त्वाचे असणे म्हणजे पुण्यवान असणे नव्हे, आणि पुष्कळ विकले जाणे म्हणजे पुष्कळ शिकविणे नव्हे. ‘यात काय थोर’ म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी पहिले वाक्य ध्यानात ठेवावे, आकडे दाखविणाऱ्या तरुणाने दुसरे.

आमच्या मते ज्याची सर्वांत अधिक उपेक्षा झाली ते घराणे सेगाच्या ‘व्हर्च्युआ फायटर’चे. १९९३ साली यू सुझुकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो काढला. तोवरचे योद्धे कागदी बाहुल्यांसारखे सपाट होते. येथे प्रथमच सपाट पृष्ठे जोडून घडविलेले, घनाकार देहाचे योद्धे लढू लागले. रूप ओबडधोबड, चेहरे जणू पत्र्याचे. पण देहास वजन होते. बटणे तीनच: ठोसा, लाथ, बचाव. ज्वाळा नाहीत, अग्निगोल नाहीत. खऱ्या युद्धकलांतील पवित्रे मात्र आहेत. चौथऱ्याबाहेर पडला तो हरला, हा नियम कुस्तीच्या शौकिनांस लगेच पटावा. पुढच्याच वर्षी दुसरा भाग आला आणि देहांवर कातडी व वस्त्रे दिसू लागली.

या एका खेळाने केवढा फरक पडला? सोनी कंपनी आपले पहिले प्लेस्टेशन तयार करीत होती. ‘व्हर्च्युआ फायटर’चे यश पाहून घनाकृती खेळांवर भर देण्याचा निश्चय दृढ झाला, असे पुढे सोनीच्याच मंडळींनी सांगितले. म्हणजे त्याचा परिणाम द्वंद्वखेळांपुरताच राहिला नाही. असे असून त्याचे नाव आज तरुणांच्या तोंडी नाही, कारण पाचव्या भागानंतर, म्हणजे २००६ नंतर, त्या घराण्यात नवा क्रमांक बराच काळ निघाला नाही. पाचवाच नव्या वेषात पुनःपुन्हा आला. नव्या खेळाची घोषणा झाली ती २०२४ च्या डिसेंबरात. घराण्यात गाणारा कोणी उरला नाही तरी त्याच्या चिजा दुसरे गात असतात, असा हा प्रकार.

त्या चिजा प्रथम गायिल्या ‘टेकन’ने. ‘व्हर्च्युआ फायटर’च्या घडणीत असलेले सेइची इशी नामको कंपनीत गेले आणि १९९४ साली त्यांच्या दिग्दर्शनाखाली ‘टेकन’ निघाला. पुन्हा तेच: विद्या माणसाबरोबर चालली. नामकोने दोन शहाणपणाच्या गोष्टी केल्या. एक, चार बटणे ठेवली आणि ती चार अवयवांस दिली: डावा हात, उजवा हात, डावा पाय, उजवा पाय. नवशिक्या मुलास हे समजावून सांगावे लागत नाही. स्वतःच्या देहाकडे पाहिले की झाले. दोन, ज्या यंत्रावर खेळ चालविला ते प्लेस्टेशनच्याच घडणीचे होते; म्हणून १९९५ साली खेळ घरी आला तो फारसा न उणावता.

शिवाय त्यांनी एक कथा धरली आणि सोडली नाही. बाप हेइहाची, मुलगा काझुया, नातू जिन. बापाने मुलास कड्यावरून लोटले. मुलाने मोठे होऊन बापास त्याच कड्यावरून लोटले. बाप परतला व त्याने मुलास ज्वालामुखीत टाकले. पुढे आजोबांनी नातवावर गोळी झाडली. महाभारत ऐकत वाढलेल्यांस या भाऊबंदकीची ओढ समजते, आणि तिच्यात धर्माचा एकही रक्षक नाही हेही ध्यानात येते. साहित्य म्हणून ही कथा सामान्य आहे. पण माणसे पुढचा भाग घेतात त्याचे एक कारण ती आहे.

‘टेकन’चे खरे महत्त्व आम्ही प्रसारात पाहतो. तिसरा भाग १९९८ साली प्लेस्टेशनवर आला आणि ज्या देशांचा हिशेब जपानी कंपन्या सहसा करीत नसत तेथेही तो पोहोचला. आपल्याकडील शहरांत, बाजारपेठेच्या गल्लीत, तासाच्या भाड्याने यंत्र देणारी छोटी दुकाने निघाली आणि तेथे तिसऱ्या ‘टेकन’वर गर्दी होऊ लागली, हे आज चाळिशीत असलेल्या पुष्कळांस आठवत असेल. लाहोरातही तेच झाले. अशाच वातावरणात तयार झालेला अर्सलान सिद्दीकी, ज्यास अर्सलान ॲश म्हणतात, २०१९ साली व्हिसाच्या व प्रवासाच्या अडचणी सोसून जपानात पोहोचला, ‘इव्हो’ नावाची मोठी स्पर्धा त्याने जिंकली, आणि त्याच वर्षी अमेरिकेतील मुख्य स्पर्धाही जिंकली. माझ्याहून तयार खेळाडू माझ्या देशात आहेत, असे तो म्हणाला तेव्हा प्रथम लोकांचा विश्वास बसेना. नंतर ते खरे ठरले. मोठ्या तालमीबाहेर, खेड्यातल्या मातीत एखादा मल्ल तयार व्हावा, तसे हे झाले.

निन्टेन्डोच्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’विषयी थोडक्यात सांगतो. १९९९ साली मासाहिरो साकुराई यांनी तो रचला. येथे शक्ती ओसरत नाही. उलट आघातांचा टक्का वाढत जातो आणि शेवटी योद्धा फलाटावरून दूर फेकला जातो. हा द्वंद्वखेळ आहे की नाही, यावरच वाद आहे. त्याचा २०१८ चा भाग तीन कोटींहून अधिक खपला. पण त्याची रीत इतर घराण्यांनी फारशी उचलली नाही. मोठे घर, स्वतंत्र अंगण. इतरांच्या वाटा तेथून जात नाहीत.

आता खेळणाऱ्यांच्या समाजाविषयी. १९९६ साली कॅलिफोर्नियात ‘स्ट्रीट फायटर’च्या काही शौकिनांनी आपापसांत एक स्पर्धा भरविली. तीच वाढत गेली आणि २००२ साली तिला ‘इव्हो’ हे नाव मिळाले. कोणा कंपनीने ती सुरू केलेली नव्हती. २००४ साली त्या स्पर्धेत जपानचा दाइगो उमेहारा आणि अमेरिकेचा जस्टिन वाँग समोरासमोर आले; खेळ तिसऱ्या ‘स्ट्रीट फायटर’चा. दाइगोची शक्ती रेषेएवढी उरली होती. साधा अडविलेला आघातही त्याचा शेवट करू शकला असता. वाँगने पंधरा आघातांचा सलग मारा सोडला. दाइगोने अडविण्याऐवजी प्रत्येक आघाताच्या नेमक्या क्षणी दांडा पुढे ढकलून तो झिडकारला, एकही चुकविला नाही, आणि उलट वार करून ती फेरी जिंकली. सभागृहातील आरडाओरडा चित्रफितीवर आजही ऐकू येतो. दाइगो त्या वर्षी अंतिम विजेता ठरला नाही. लोकांस मात्र तोच क्षण स्मरतो.

याच शौकिनांपैकी टोनी कॅनन यांनी पुढे एक काम केले. दूरदूरचे खेळाडू इंटरनेटवरून लढू लागले तेव्हा बटण दाबणे आणि ठोसा बसणे यांत अंतर पडू लागले. द्वंद्वात ते मरणच. कंपन्यांचा उपाय समाधानकारक नव्हता. कॅनन यांनी २००६ साली अशी युक्ती काढली की यंत्राने दूरच्या खेळाडूच्या चालीचा अंदाज करून पुढे जावे आणि अंदाज चुकला तर क्षणार्धात मागे येऊन चूक दुरुस्त करावी. पुढे मोठमोठ्या कंपन्यांनी हीच रीत आपल्या खेळांत आणली. कॉम्बोची हकीकत ध्यानात ठेवावी असे वर म्हटले, ते यासाठी. दोन्ही वेळा शिष्यांनी गुरूस शिकविले. २०२३ साली हांगझौ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर पाच’ हा पदकाचा खेळ होता आणि सुवर्णपदक मिळविले ते दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. हे पोरवयाचे वेड, असे म्हणणाऱ्यांनी ते वय पाहावे.

आमचा निर्णय असा. प्रथम स्थान ‘स्ट्रीट फायटर’चे, आणि तेही मुख्यतः १९९१ च्या दुसऱ्या भागासाठी, कारण या क्रीडेचे व्याकरण तेथे बांधले गेले आणि विरोधकांनीही ते मानले. दुसरे स्थान ‘व्हर्च्युआ फायटर’चे, लोकांस पटो वा न पटो; कारण देह आणि अवकाश त्याने दिले. तिसरे ‘टेकन’चे, त्याने दुसऱ्याची विद्या घेतली, पण ती घरोघर नेली, आणि घरोघर नेणे हेही कार्यच आहे. कीर्तनकार ग्रंथकर्ता नसतो म्हणून त्यास कोणी कमी लेखीत नाही. ‘मॉर्टल कॉम्बॅट’ आम्ही या रांगेत चौथे बसविणार नाही. त्याची जागा समाजाच्या कायद्यांच्या इतिहासात आहे, आणि तेथे ते पहिले ठरेल. ‘किंग ऑफ फायटर्स’ प्रभृतींस आम्ही स्वतंत्र क्रमांक दिला नाही, कारण ती मूळ घराण्याचीच तेजस्वी शाखा आहे.

हा निर्णय अंतिम आहे, असा आमचा आग्रह नाही. पंगतीतले ते तरुण यावर नाराज होतील आणि ‘टेकन’चा कैवारी बहुधा सर्वांत अधिक. त्याने जरूर वाद घालावा. पण आवडीचे नाव सांगून न थांबता, आपल्या घराण्याचे काय इतरांनी उचलले, ते दाखवून घालावा. आणि वडीलधाऱ्यांस आमची विनंती आहे की पुढच्या चतुर्थीस मुलांस गप्प करण्यापूर्वी एकदा त्यांच्याजवळ बसून धालसिम हाती घेऊन पाहावा. पहिल्या दोन-चार फेऱ्या हरतील. त्यानंतर मूल त्यांना अंतर राखावयास शिकवील, आणि भिंतीवरच्या त्या गणपतीविषयी त्यांना जे सांगावयाचे आहे ते सांगण्यास तीच वेळ बरी.